शालनचा अर्ज

शालन,

कॉलेजच्या वार्षिकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून दे, असं सरांनी सांगितलं. मी लिहिली. गाव, शिक्षण, बी.ए.चे गुण, मनमिळाऊ स्वभाव. वाचून पाहिलं तर ती दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल होती. तू कुठली मनमिळाऊ? तू तर ओळख व्हायच्या आधीच माझ्याशी भांडलीस. ती पानं मी फाडली आणि आता तुलाच लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण मनातलं असं काही बोलले असेन तर ते तुझ्याशीच, आणि ते मराठीतच. चुका असतील. तू असतीस तर ‘एवढी मोठी झाली आन् ऱ्हस्व-दीर्घ कळंना’ म्हणून पेन हिसकावून घेतलं असतंस.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत टाळत राहीन. तुझ्या अर्जाबाबत मी तुझ्याशी खोटं बोलले. एकदा नाही, तीनदा.

केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेशेजारची ती खोली. दारावर ‘चिनी भाषा व संस्कृती केंद्र’ अशी नवीकोरी पाटी आणि आत कायम शेजारून येणारा कुजक्या अंड्याचा वास. चीन सरकारच्या मदतीनं आपल्या कॉलेजात असं काही निघालं, याचं साऱ्या सांगलीला नवल. पुस्तकं तिकडची, कॅसेटी तिकडच्या, छताला टांगलेले लाल कंदील तिकडचे, आणि दोन वर्षांसाठी आलेल्या वांग मॅडमही तिकडच्याच. पहिल्या दिवशी खोलीत बसायला जागा नव्हती. लोक कंदील बघून गेले. दिवाळीनंतर आपण सातजण उरलो, त्यात रोज येणाऱ्या आपण दोघीच.

त्या पहिल्या दिवशी मी खिडकीजवळच्या बाकावर बसले होते. तू येऊन उभी राहिलीस. ‘ही माझी जागा हाय.’ मी ‘सॉरी’ म्हणून उठले. त्यावर तू जास्तच चिडलीस. ‘आगं, उठतीस काय लगीच? भांड की जरा! मी काय नाव लिवलंय व्हय बाकावर?’ तू माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि विचारलंस, ‘कॉन्व्हेंट का?’ मी मान हलवली. तेव्हापासून माझं नाव तू कधी घेतलं नाहीस. पत्रावरसुद्धा पत्त्यात नाव आणि आत ‘प्रिय कॉन्व्हेंट’.

वांग मॅडम भर मे महिन्यात थर्मासमधलं गरम पाणी प्यायच्या. ‘ताप आलाय व्हय गं हिला?’ असं तू मला मोठ्यानं विचारलंस, कारण त्यांना मराठी कळत नाही याचा तुला केवढा आधार वाटायचा. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांच्या माठातलं पाणी तांब्यात भरून तू त्यांच्यापुढं ठेवलंस. त्या हसल्या, आभार मानले आणि ते तसंच राहू दिलं. तू दोन दिवस रुसलीस. तिसऱ्या दिवशी ‘थंड पाणी पोटाला बाधतं असं आमच्याकडे समजतात’ हे त्यांनी सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं, आणि ते समजलं याचा तुला इतका आनंद झाला की तू रुसलेली विसरून गेलीस. चिनी भाषेतलं तुला कळलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. मला ते कळलं नव्हतं. हे मी तेव्हा सांगितलं नाही.

कारण माझी वही सुंदर होती. प्रत्येक अक्षरातली रेघ आधी कुठली, नंतर कुठली, चौकटीच्या आत, नीट. मॅडम ती वही वर्गाला दाखवायच्या. तुझी वहीच नसायची धड. कुपवाडला मामाकडं राहायचीस, घरची भांडी घासायचीस आणि न्हाणीजवळच्या कडाप्प्यावर ओल्या बोटानं अक्षरं गिरवायचीस. ‘वाळायच्या आत संपवावं लागतंय, म्हून हात पळतोय,’ म्हणायचीस. बोलायला लागलीस की मॅडम खुर्चीत पुढं सरकून बसायच्या. मी बोलायला लागले की त्या धीर देणारं हसायच्या. दोन्हीतला फरक मला नीट कळत होता.

घरी मी याबद्दल काही बोलत नसे. बाबा जेवताना म्हणायचे, ‘एखादं सरकार उगीच कशाला कंदील टांगेल आपल्याकडे? फुकट शिकवणारा काहीतरी घेणारच.’ हेच मी तुला माझं मत म्हणून ऐकवलं. आपण गणपती मंदिराकडं चालत होतो. तू भडंगाचा पुडा मला धरायला दिलास, दोन्ही हात मोकळे केलेस, म्हणजे आता भांडण होणार हे मला कळलं.

‘काय घेनार? सांग की. माझ्याजवळ हाय काय घ्यायला?’

‘तसं नाही. ते त्यांना हवं तेवढंच शिकवणार. वर्गातल्या भिंतीवरची चित्रं बघ ना, सगळे शेतकरी हसतायत.’

‘मग आपल्या एस्टीवर लावल्यात त्या जाहिरातीतलं रडत्यात व्हय? आगं, पैसा त्येंचा आसंल, जीभ माझी हाय. शिकल्यावर मी काय विचारायचं ते मी ठरीवनार.’

त्या भिंतीवरच्या चित्रात एक शेतकरी उसापुढं उभा होता. तू पहिल्यांदा बघितलंस तेव्हा जवळ जाऊन कांडी मोजली होतीस आणि म्हणाली होतीस, ‘ऊस चांगला हाय, पर पाचट काढलं न्हाई.’ पैशाचं भांडण आपलं कधी संपलंच नाही. मी अजूनही अर्धी बाबांच्या बाजूला आहे. अर्धी तुझ्या.

आणि तू खरंच विचारलंस. दुसऱ्या वर्षी, साध्या संभाषणाच्या तासाला, ‘कुटुंब’ या धड्यावर. प्रत्येकानं घरच्यांबद्दल चार वाक्यं बोलायची होती. तू म्हणालीस: माझे आजोबा सैनिक होते. बासष्ट साली लढाईला गेले. परत आले नाहीत. ते कुठं आहेत, तुम्हाला ठाऊक आहे का? चारही वाक्यं बिनचूक. मला जमिनीत जावंसं वाटलं. वांग मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ‘मला ठाऊक नाही. त्या वेळी मी जन्मले नव्हते.’ तास संपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला आजोबांचं नाव विचारून घेतलं, ते कुठल्या चिनी अक्षरांत बसेल यावर अर्धा तास घालवला, आणि शाईनं जाड कागदावर लिहून दिलं. तू तो कागद घरी नेलास. आण्णांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘असं लिवत्यात व्हय आबाला?’

आण्णा स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावानं त्यांना टोमणे मारले, पोरीला चिन्याची भाषा शिकवतोयस म्हणून. ते म्हणाले, ‘शिकू दे की. आमच्या घरातनं तिकडं येक मानूस गेला, त्येची चौकशी कराय कुनाला तरी भाषा याला नको?’ तुला चीनला जायचं होतं ते याचसाठी. मला जायचं होतं कारण... खरं सांगू? मला सांगलीतून कुठंतरी जायचं होतं. तू मनाशी एक प्रश्न घेऊन निघाली होतीस. मी नुसती निघाले होते.

आपल्या केंद्रातून वर्षभराच्या शिष्यवृत्तीसाठी एकजण निवडला जाणार होता. अर्ज इंग्रजीत, दिल्लीला पाठवायचा, आणि तो आपण दोघीही करणार होतो. तू म्हणालीस, ‘घरला ये, आण्णांच्या म्होरं भरू.’ मलकापूर मागं टाकून आपण तुझ्या गावी गेलो. ओसरीवर सतरंजी टाकली होती. आण्णांनी पलटणीतली काळी ट्रंक बाहेर आणून ठेवली.

‘कुटुंबाची माहिती’ या रकान्यात चार ओळी होत्या. त्या बघून आण्णा हसले. ‘चार वळी? पोरी, आमच्या घराला चार वळी पुरत्यात व्हय?’ मग त्यांनी सांगत जायचं आणि मी लिहीत जायचं. आजोबा, बासष्टला. स्वतः आण्णा. दोन्ही चुलते. आणि तुझा दादा, तो तेव्हा सीमेवर नोकरीत. प्रत्येकाचा हुद्दा, पलटण, कुठल्या सालापासून कुठपर्यंत. मी म्हटलं, ‘आण्णा, नुसतं शेती लिहिलं तरी चालेल.’ त्यांना ते लागलं. ‘का? लपवायसारखं काय हाय त्यात? समदं लिव.’ मी जादा कागद जोडला. एवढ्या अभिमानानं भरलेला अर्ज मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या पानावर बारीक अक्षरांत सूचना होत्या. त्यातली एक अशी, की जवळचं कुणी सध्या सैन्यात नोकरीला असेल तर त्याच्या युनिटचं ना-हरकत पत्र अर्जाला जोडावं. मी ती वाचली. तू आत भाकऱ्या थापत होतीस, तव्याचा वास ओसरीवर येत होता, आण्णा ट्रंकेचं झाकण लावत होते, आणि मी ती दोनदा वाचली.

‘कॉन्व्हेंट, मागं काय लिवलंय गं?’ तू आतून ओरडलीस.

‘काही नाही. नेहमीच्या सूचना.’

हे पहिलं. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, हे मी गेले सतरा दिवस शोधते आहे. तुझा पत्ता कापायचा असा काही मी विचार केला नव्हता, असं मला वाटतं. जागा एक आहे, एवढंच डोक्यात आलं आणि तोंडातून ‘काही नाही’ निघून गेलं. मग जेवायला बसलो. तुझ्या आईनं माझ्या ताटात दह्याची वाटी ठेवली. मी जेवले.

पंधरवड्यानं यादी लागली. माझं नाव, आणि तुझ्या नावापुढं इंग्रजीत ‘कागदपत्रे अपूर्ण’. तू मला विचारलंस, ‘म्हंजी काय अपुरं?’ मी म्हटलं, ‘कुणास ठाऊक. दिल्लीचं काम.’ हे दुसरं. तू यादी पुन्हा एकदा वाचलीस. मग माझ्या पाठीत गुद्दा घातलास आणि म्हणालीस, ‘एकीचं तरी झालं न्हवं? चल, चहा पाज.’ त्या गुद्द्याचा जोर मला अजून आठवतो. इतका मोकळा गुद्दा होता तो.

बीजिंगला मी एकटी होते आणि तुझी पत्रं यायची. पहिल्या पत्रात निम्मी मराठी, निम्मी चिनी. हळूहळू मराठी कमी होत गेली. शेवटी नेहमी तेच: ‘चुका लाल पेनानं करून परत धाड.’ मी धाडायची. पुढच्या पत्रात ती चूक पुन्हा कधी नसायची. मी तिथल्या वर्गात बसून जे शिकत होते, ते तू कुपवाडच्या कारखान्यात स्टोअरचं रजिस्टर सांभाळून, माझ्या लाल खुणांवरून शिकत होतीस. आणि प्रत्येक पत्रात एक ओळ असायची, ‘आबांचं विचारलंस का कुणाला?’

नाही विचारलं. कुणाला विचारायचं, कसं विचारायचं, विचारलं तर काय होईल. मला तिथं दुकानात सुद्धा भाव विचारायची भीती वाटायची. मी पत्रात लिहायची, ‘संधी मिळाली की विचारते.’ परत आल्यावर कृष्णेच्या घाटावर तू मला समोर बसवून विचारलंस, तेव्हा खरं सांगितलं. तू रागावली नाहीस. पाण्यात पाय सोडून बसली होतीस, तशीच बसलीस आणि म्हणालीस, ‘ऱ्हाऊ दे. तुझा आजा न्हवता त्यो. मीच जाते आता.’

म्हणून या वर्षी दुसऱ्यांदा अर्ज. पुन्हा तो मीच भरला, आमच्या विश्रामबागच्या घरी. या वेळी जागेत माझा वाटा नव्हता, तेव्हा मला धीर आला. मागचं पान उलटून मी म्हटलं, ‘शालन, दादाच्या युनिटचं पत्र लागेल.’

तू अर्जावरून मान वर केलीस. ‘गेल्या खेपेला लागत न्हवतं?’

तू माझ्याकडं बघत होतीस. संशयानं नाही. नुसतं विचारत होतीस, माझ्यावर भरवसा असल्यासारखं. मला सांगता आलं असतं. आई आत होती, बाबा बँकेत, आपण दोघीच. मी म्हटलं, ‘नाही. नियम नवीन आहे.’

हे तिसरं, आणि हे मी पूर्ण शुद्धीत म्हटलं.

‘आयला, बरं झालं आत्ता बघितलंस,’ म्हणालीस, आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून दादाला निरोप द्यायला पळालीस. लुनाला किक मारताना ओरडलीस, ‘पत्र आलं की जोडू. तवर बाकीचं नीट भर. आन् समदं लिव बरं का, आण्णांना कळलं तर मारतील!’

त्यानंतर नऊ दिवसांनी, दिवेलागणीला, कामावरून येताना कुपवाडच्या रस्त्यावर तू एका उभ्या ट्रॉलीला मागून धडकलीस. उसानं भरलेली, मागं दिवा नसलेली ट्रॉली. हंगामात अशा कितीतरी उभ्या असतात, आपण दोघी त्यांना शिव्या घालत रोज बाजूनं जायचो. लोक मला सांगतात, काळाच्या पुढं कुणाचं काय चालतंय. मी मान हलवते. मला दिसतं ते एवढंच, की माझ्या जागी तू गेली असतीस तर तुझी सगळी वर्षं वेगळी झाली असती, आणि त्या संध्याकाळी तू त्या रस्त्यावर नसतीस.

मातीला आले होते मी, तिसऱ्यालाही आले. तुझ्या आईनं मला मिठी मारली आणि बायांना सांगितलं, ‘ही शालनची मैत्रीण. हिनंच तिचं समदं इंग्रजी केलं.’ मी तिथं उभी राहिले. पळून जावंसं वाटलं, तेही जमलं नाही.

परवा आण्णा आमच्या घरी आले. धोतर-टोपी, हातात पिशवी. बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि आत गेले. आण्णांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. दादाच्या युनिटचं होतं, टपालात उशीर झालेला.

‘इंग्रजीत हाय. काय लिवलंय, मराठीत सांग.’

मी वाचलं. चार ओळी होत्या. मी म्हटलं, ‘तिला परदेशी शिकायला पाठवायला त्यांची काही हरकत नाही.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘म्हंजी गेली असती.’

‘हो, आण्णा.’

त्यांनी पत्र हातात घेऊन पाहिलं. ‘एवढ्या चार वळीचा कागद. दादा म्हनला, सायबानं मागितल्याबरोबर दिला. गेल्या खेपेला मागितला असता तर गेल्या खेपेला दिला असता.’ मग माझ्याकडं न बघताच विचारलं, ‘गेल्या खेपेला का नाय मागितला गं आपन?’

मी सांगितलं. सगळं. ओसरी, मागचं पान, तुझी आतून हाक, यादी, आणि ‘नियम नवीन आहे’. माझा आवाज इतका बारीक येत होता की मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नसेल. आई चहा घेऊन आली, ठेवून गेली.

मग त्यांनी विचारलं, ‘हे तिला सांगितलंवतंस?’

‘नाही.’

‘मग मला कशाला सांगतीस?’

आवाज चढला नाही. खरंच विचारत होते ते. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, कप बशीत ठेवला, आईला ‘येतो, वैनी’ म्हणाले आणि पत्र पिशवीत घालून गेले. मी गेटपर्यंत गेले. त्यांनी मागं बघितलं नाही.

म्हणून तुला सांगते आहे. इथं, वार्षिकात, सगळ्यांच्या देखत, कारण एकांतात सांगायची वेळ मी तीनदा घालवली. छापतील की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुझी बोलायची तऱ्हा मला पाठ आहे. आत्ता हे लिहितानासुद्धा, ओळ संपली की तू काय म्हणशील ते ऐकू येतं: लय लांबड लावलीस, हे खोड, ते नीट लिव. पण ‘नियम नवीन नव्हता’ हे वाक्य लिहिलं की आवाज थांबतो. मी बरेचदा प्रयत्न केला. एकदा तुझ्या तोंडी शिव्या घातल्या. एकदा तू हसलीस आणि गुद्दा घातलास, असं लिहून पाहिलं. ते मी माझ्या सोयीनं तुझ्याकडून बोलवून घेत होते, म्हणून खोडलं. मला माफ केलं असतंस की जन्मात तोंड बघितलं नसतंस, मला माहीत नाही. ते फक्त तुला माहीत होतं, शालन, आणि मी तुला कधी विचारलं नाही.